दोन पदरांचा पीळ

भाचीच्या केसांना हात लावायचा तर आधी पाणी लागतं, तेल नंतर. आमच्या पुण्याच्या घरात क्रम वेगळा होता. वाटीत कोमट केलेलं खोबरेल, मग बारीक दातांची फणी, मग घट्ट दोन वेण्या वर बांधून रिबिनी. आमच्या सरळ केसांना ते मानवलं. भाचीचे केस मात्र तिच्या आईच्या वळणावर गेलेत, आणि माझी वहिनी घानाची, कुमासी शहरातली. दादाचं आणि तिचं लंडनमध्ये जमलं, इथेच त्यांनी संसार मांडला. मी त्यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. वहिनी नर्स आहे. तिची रात्रपाळी लागली की पोरीचं न्हाणं आणि केस माझ्याकडे येतात. मी ते मागून घेते. रविवारची ती दुपार मला आठवडाभर पुरते.

कंगवा हातात देण्याआधी वहिनीने मला केस समजावून सांगितले. शरीराबद्दल बोलताना तिच्यातली नर्स लगेच जागी होते. टाळूच्या आत केसाचं मूळ ज्या इवल्याशा पिशवीत बसलेलं असतं, ती पिशवीच या केसांत वाकडी असते, त्यामुळे केस बाहेर येतो तोच वळण घेऊन. त्याचा आडवा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. प्रत्येक वळणावर केस थोडा दुबळा असतो आणि तुटला तर बहुतेक तिथेच तुटतो. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसांवरून घरंगळत टोकापर्यंत जातं; इथे ते पहिल्या काही वेटोळ्यांतच अडकतं. मुळाशी सगळं ठीक दिसत असतं आणि टोकं मात्र तहानलेली असतात. दिसायला एवढे दाट, दणकट केस, पण सगळ्या प्रकारच्या केसांत सर्वात जपून हाताळावे लागतात ते हेच.

आणखी एक गोष्ट तिने करून दाखवली. भाचीच्या डोक्यावरची एक ओली बट बोटांत धरून हळूच ओढली, तर ती खांद्याच्या खाली आली. सोडली आणि वाळू दिली, तर कानाच्या पाळीपाशी जाऊन बसली. असे केस वाढतच नाहीत हा समज या आखडण्यामुळे पसरलेला आहे. ते वाढतात, महिन्याला साधारण सेंटीमीटरभर. पण रोज विंचरा, रोज ओढा, उशीवर घासू द्या, तर मुळाशी जेवढे वाढतील तेवढेच टोकाला तुटतील. मग वर्ष सरलं तरी लांबी तीच. म्हणून सगळी कला आहे ती टोकं सांभाळण्याची. टोकं आत दडवायची, ओलावा आत कोंडायचा आणि मग दोन-तीन आठवडे त्या केसांना कुणी छळायचं नाही. ट्विस्ट, म्हणजे बटेचे दोन पदर एकमेकांवर फिरवून घातलेले पीळ, त्यासाठी असतात. ते देखणे दिसतात हे खरंच, पण त्यांचं पहिलं काम केसांना विश्रांती देणं हे आहे. माझं तर ठाम मत झालंय की या केसांची निगा निम्मी पाण्यात आहे आणि निम्मी त्यांना त्यांच्या वळणावर राहू देण्यात.

आता करायचं कसं ते सांगते, कारण मला त्यातच खरा रस आहे.

न्हाणं झालं की टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुन्या सुती टी-शर्टमध्ये केस दाबून पाणी टिपायचं. लंडनचं पाणी जड, क्षारांचं. अधूनमधून क्षार काढणारा शांपू वापरला नाही तर केस राठ लागतात. ओल्या केसांचे चार भाग करायचे: कपाळापासून मानेपर्यंत एक भांग, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दुसरा. तीन भाग चिमट्यांनी वर बांधून ठेवायचे आणि चौथ्याला हात घालायचा. गुंता आधी बोटांनी सोडवायचा, आणि तोही टोकाकडून. टोकाचा सुटला की बोटभर वर, तिथला सुटला की आणखी वर. मुळापासून कंगवा घालून खाली ओढला तर गुंता सुटत नाही, आवळत जातो. हात केसांत अडला की घाई करायची नाही, थोडं पाणी फवारायचं, थोडं कंडिशनर लावायचं आणि अडलेले दोन केस एकमेकांपासून बाजूला काढायचे. बोटांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर. रुंद दातांचा कंगवा सगळ्यात शेवटी फिरवायचा.

मग येतं शिया बटर. वहिनी त्याला ट्वी भाषेत न्कुतो म्हणते. तिची आई कुमासीहून डब्यात भरून पाठवते. घानाच्या उत्तरेकडच्या कोरड्या माळांवर शियाची झाडं असतात. खाली पडलेली फळं बायका वेचतात, बिया उकळतात, वाळवतात, भाजतात, दळतात आणि पाणी घालत घालत तो लगदा हाताने फेटतात, चरबी पांढरी होऊन वर येईपर्यंत. हे सगळं बायकांचं काम, आणि त्यातून येणारा पैसाही बऱ्याच घरांत बायकांचा. डब्यातलं शिया बटर फिकट पिवळं आणि घट्ट असतं, त्याला किंचित धुरकट वास असतो. नखाने एक कपचा काढायचा आणि तळहातांत चोळायचा. आधी रवाळ लागतं, मग अंगच्या उबेने वितळून तेलासारखं होतं. वितळेपर्यंत थांबायचं, नाहीतर केसांत पांढरे कण अडकतात. ते टोकांना जास्त आणि मुळांना नावापुरतं लावायचं. शिया बटर केसांना ओलावा देत नाही. आधी दिलेला ओलावा उडून जाऊ देत नाही. पाणी आधी का, याचं उत्तर हेच आहे.

कंगव्याच्या शेपटीने चौकोनी भांग पाडून एक बट वेगळी काढायची, तिचे दोन सारखे पदर करायचे आणि एकमेकांवर फिरवत खाली यायचं. माझं आजोळ कोकणातलं. तिथे काथ्याचा दोर वळताना मी लहानपणी तासन्‌तास पाहिलाय: प्रत्येक पदराला एका बाजूला पीळ द्यायचा आणि दोन पदर एकमेकांवर उलट्या बाजूला फिरवायचे. दोन पीळ एकमेकांना सुटू देत नाहीत, म्हणून दोर टिकतो. रोप ट्विस्ट अगदी तसाच असतो. भाचीच्या केसांना एवढंही लागत नाही. नुसते दोन पदर फिरवले तरी त्यांची वेटोळी एकमेकांत गुंतून बसतात आणि टोक बोटाभोवती गुंडाळून सोडलं की तिथेच थांबतं. ना रबर, ना गाठ. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी थक्क झाले होते. माझ्या स्वतःच्या केसांत ट्विस्ट घातला तर बोट काढताक्षणी उलगडायला लागतो.

जाड घातले तर काम तासाभरात उरकतं. बारीक घातले तर सबंध दुपार जाते, पण ते टिकतात जास्त. टाळूला चिकटून, वळताना बाजूचे केस घेत घेत पुढे गेलं की फ्लॅट ट्विस्ट होतो. कपाळावरून मागे नेलेले तसे चार-पाच आणि मागे सुटे, हा भाचीचा शाळेचा आवडता थाट. ती माझ्या दोन पायांमध्ये उशीवर बसते, मी सोफ्यावर. मान दुखली की ती डोकं माझ्या गुडघ्यावर टेकवते आणि मग त्या बाजूचा पीळ आपोआप जरा तिरका होतो. मी तो तसाच राहू देते.

एक नियम वहिनीने अगदी कडकपणे घालून दिलाय: दुखलं तर ते घट्ट झालं. "आत्या, इथे ओढतंय" असं पोरीने म्हटलं की तो पीळ सोडून पुन्हा घालायचा, मग कितीही उशीर होवो. कपाळाच्या कडेचे आणि कानशिलांवरचे केस सगळ्यात कोवळे असतात. तिथे सतत ताण पडला तर मुळाशी बारीक पुळ्या येतात, मग केस विरळ होतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर ते पुन्हा येतच नाहीत. वहिनीच्या वॉर्डात वयस्क बायका येतात, त्यांची कपाळं मागे सरकलेली ती पाहते. सुंदर दिसण्यासाठी थोडं सोसावं लागतं, हे वाक्य कितीतरी देशांतल्या आया मुलींना ऐकवत आल्या असतील. आमच्या घरात ते वाक्य बंद आहे.

रात्री डोक्याला सॅटिनची टोपी. सुती अभ्रा केसांतला ओलावा शोषून घेतो आणि घासतोही. सॅटिनवर केस घसरतात. मधल्या दिवसांत पाण्यात थोडं कंडिशनर मिसळून फवारायचं, टाळू खाजली तर पातळ केलेला शांपू फक्त भांगांवर लावून दाबत दाबत धुवायचा. शाळेत पोहण्याचा तास असतो त्या दिवशी सकाळीच केस साध्या पाण्याने भिजवून कंडिशनर लावायचं, म्हणजे आधीच भिजलेला केस तलावातलं क्लोरीनचं पाणी कमी पितो. टोपीचीही एक गोष्ट आहे. पोहण्याच्या नेहमीच्या टोप्या सपाट केसांच्या मापाने केलेल्या. त्यांत ट्विस्ट मावत नाहीत. सोल कॅप नावाच्या ब्रिटिश कंपनीने दाट केसांसाठी मोठी टोपी काढली, तर टोकियो ऑलिंपिकच्या आधी, 2021 मध्ये, जागतिक जलतरण महासंघाने तिला परवानगी नाकारली. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि 2022 च्या सप्टेंबरमध्ये तीच टोपी मान्य झाली. भाचीची टोपी पिवळी आहे. तिला या भानगडीचा पत्ताही नाही, आणि ते मला फार बरं वाटतं.

दोन-तीन आठवड्यांनी पीळ सोडायचे. याहून जास्त ठेवले तर मुळाशी धूळ, कापसाचे तंतू आणि गळालेले केस मिळून घट्ट गाठी होतात. सोडताना बोटांना तेल लावायचं आणि टोकाकडून उलट फिरवत वर जायचं. हातात केसांचा हा एवढा गोळा येतो! माझी आई एका सुट्टीत इथे होती, ती घाबरलीच. पण हिशोब सोपा आहे. कुणाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात. आपले फणीत, उशीवर, न्हाणीघरात जातात. पिळात बांधलेले केस जायचे कुठे? तीन आठवड्यांचे हजार-दोन हजार एकदम बाहेर येतात. पाणी लावायच्या आधी हे मोकळे केस बोटांनी काढून टाकायचे. गुंत्यासकट भिजवले तर पुढचा सगळा दिवस त्यातच जातो.

लग्नाला किंवा वाढदिवसाला जायचं असलं की पीळ सोडून केस तसेच लाटांत मोकळे ठेवतात. त्याला ट्विस्ट-आउट म्हणतात. यात एकच पथ्य: केस पूर्ण वाळलेले हवेत. केसांतले काही रासायनिक बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना जशा आकारात केस असेल तशा आकारात पुन्हा जुळतात. पीळ घातलेला असताना वाळले तर पिळाचा आकार धरतात. जरा जरी ओलसर असताना सोडले तर आकार येतच नाही, नुसते फुलतात. म्हणून शनिवारी रात्री घालून रविवारी सकाळी सोडायचे. आईची टोपी घालून रात्रभर झोपलेली भाची सकाळी उठते तीच आरशाकडे धावते. मी एकेक पीळ सोडते, प्रत्येकाचे जिथे आपसूक फाटे पडतात तिथेच वेगळे करते, आणि शेवटी उभ्या, लांब दातांच्या कंगव्याने फक्त मुळं उचलते. डोक्याभोवती काळा ढग उभा राहतो. ती मान हलवून तो डोलवून बघते.

खोबरेल तेलाचा विषय निघायचाच होता. व्हिडिओ कॉलवर आई प्रत्येक वेळी विचारते, "तेल लावता की नाही पोरीला?" वहिनी आता हसून म्हणते, "लावतो, आई, पण न्हायच्या आधी." आणि यात आईचंच बरोबर निघालं. 2003 मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून दाखवलं की धुताना केसांतलं प्रथिन वाहून जातं ते रोखतं फक्त खोबरेल, कारण त्यातल्या लॉरिक आम्लाचा लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरतो. बाकीची तेलं वरवर राहतात. वहिनीने तो लेख स्वतः शोधून वाचला. आता आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी आईचं खोबरेल आणि रविवारी न्हाणं झाल्यावर कुमासीचं न्कुतो. दोन्ही आज्यांचे डबे एकाच फळीवर असतात.

वहिनीची स्वतःची कहाणी वेगळी आहे. घानामध्ये सरकारी शाळांत मुलींचे केस मुलांसारखे बारीक कापलेले असावे लागतात. वसतिगृहाच्या शाळेतही तेच. सबंध शालेय आयुष्य तिने कातरलेल्या डोक्याने काढलं. मग पीळ घालायला शिकली कुठे? आईच्या डोक्यावर. सुट्टीत घरी आली की आई अंगणात खाली बसायची आणि ती मागे स्टुलावर. स्वतःच्या डोक्यावर वळायला केस नव्हते तेव्हाच तिचे हात तयार झाले होते. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मला राग आला होता, आणि अजून येतो. ज्या मातीत हे केस उगवतात तिथल्या शाळांनीही ते कापूनच मुलीला शिस्त लावावी, हे माझ्या पचनी पडत नाही.

शाळा सुटल्यावर केस वाढवले आणि लगेच रिलॅक्सर सुरू झालं. रिलॅक्सर म्हणजे केस कायमचे सरळ करणारी अल्कलीयुक्त मलई. काहींत चक्क कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड असतो. केसाला वळण देणारे गंधकाचे बंध ते तोडून टाकतं. ते बंध पाण्याने जुळत नाहीत. नवीन केस येईपर्यंत थांबणं हाच मार्ग. टाळूला लागलं तर भाजतं. वहिनीच्या कानामागे त्याचा एक डाग आहे. भाची पोटात होती तेव्हा तिने ते बंद केलं आणि सरळ झालेले सगळे केस कापून टाकले. 2022 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा अभ्यास आला: तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत, केस सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 4.05 टक्के, कधीच न वापरणाऱ्यांमध्ये 1.64 टक्के निघालं. पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे वहिनीच मला समजावत होती. पण त्या रात्री तिने तिच्या बहिणींना बराच वेळ फोन केले.

बायका हे का सोसत होत्या, असं विचारणं सोपं आहे. त्यांच्या पुढ्यात काय ठेवलं होतं तेही बघायला हवं. 1786 मध्ये, लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, गव्हर्नर मिरोने न्यू ऑर्लिन्समधल्या आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र स्त्रियांनी केस कापडाने झाकावेत असा हुकूम काढला. त्या बायकांनी इतक्या रंगीत, इतक्या दिमाखदार बांधणीचे फेटे बांधले की हुकुमाचा हेतूच बारगळला. 1981 मध्ये अमेरिकेत एका विमान कंपनीतल्या कर्मचारी रेनी रॉजर्स डोक्याला चिकटून घातलेल्या वेण्यांवरून न्यायालयात गेल्या आणि हरल्या. केशरचना बदलता येते, म्हणून तो वंशभेद नाही, असं ठरलं. आणि 2014 ची गोष्ट. अमेरिकी लष्कराच्या पोशाखाच्या नव्या नियमांत ट्विस्टवर बंदी आली. सैन्यातल्या कृष्णवर्णीय बायकांनी आवाज उठवला. शिरस्त्राणाखाली केस नीट बसावेत म्हणूनच तर त्या ते घालत होत्या! काही महिन्यांतच नियम फेरतपासले गेले आणि दोन पदरांच्या ट्विस्टना परवानगी मिळाली. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने केसांवरून होणारा भेदभाव रोखणारा क्राउन कायदा केला. त्या कायद्याच्या मजकुरात वेण्या आणि जटांच्या जोडीला ट्विस्ट हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. मी तो वाचला तेव्हा मला भरून आलं. रविवारी दुपारी सोफ्यावर बसून आपण जे बोटांनी करतो, त्याचं नाव एका कायद्यात आहे, कारण त्यावरून लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. ब्रिटनमध्ये समानता आणि मानवी हक्क आयोगाने शाळांना याबाबत मार्गदर्शन केलं ते 2022 च्या ऑक्टोबरमध्ये. भाचीची शाळा चांगली आहे, तिला कुणी काही म्हटलेलं नाही. तरी शाळेचे नियम वहिनीने शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतले होते.

आपल्या माणसांबद्दलही बोलायला हवं. इथल्या मराठी मंडळींत गणपतीला गेलो की कौतुकाने का होईना, चार हात भाचीच्या डोक्यावर येतात. "किती वेगळे केस! हात लावून बघू?" आणि उत्तराची वाट न बघता हात लागलेला असतो. ती आक्रसते ते मला दिसतं. आता मी सरळ सांगते, विचारा आणि तिने हो म्हटलं तरच लावा. आणि "आपल्याकडे असे केस नसतातच" असं कुणी म्हणालं तर मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींची आठवण करून देते. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ भागातल्या जंगलांत राहणारे सिद्दी कोकणी बोलतात. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. मलिक अंबर, ज्याने खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, वसवली, तो इथिओपियाचा. हे केस आपल्या मुलखात शतकानुशतकं आहेत. आपण कधी नीट बघितलं नाही, एवढंच.

केसांच्या सामानासाठी आम्ही लंडनमधल्याच पेकहॅमच्या राय लेनवर जातो. दुकानांत छतापर्यंत पुडकी टांगलेली असतात. कानेकालॉन हा कृत्रिम तंतू जपानच्या कानेका कंपनीचा. सेनेगली ट्विस्टसाठी तो केसांत मिसळून लांब पीळ घालतात आणि टोकं गरम पाण्यात बुडवून बसवतात. नव्या तंतूवरच्या लेपाने टाळू खाजते, म्हणून वहिनी तो आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवते. मार्ली आणि हवाना ट्विस्टचे तंतू अधिक खरखरीत, फुगीर. आणि एका भिंतीवर खरे केस. पाकिटांवर मोठ्या अक्षरांत "इंडियन". तिरुमलाला नवस फेडताना उतरवलेले केस देवस्थान लिलावाने विकतं आणि ते जगभर जातात, हे मला ऐकून ठाऊक होतं. दादाचं जावळही तिथेच काढलेलं. पण इथे, त्या भिंतीपुढे उभी असताना, कुणीतरी भक्तीने देवाला दिलेले केस कृष्णवर्णीय बायकांना महागात विकत घ्यावे लागतात, तेही पुष्कळदा स्वतःचे केस लपवायला, हे पाहून मन अस्वस्थ झालं. दोष कुणाला द्यावा कळत नाही. ज्यांना आवडतात त्यांनी खुशाल वापरावेत, वहिनीही सणासमारंभाला वापरते. भाचीने मात्र आधी आपलेच केस मनापासून ओळखावेत, असं आम्हा दोघींना वाटतं. म्हणून मी तिला नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी काढलेले फोटो दाखवते. 1968 पासून त्यांनी नायजेरियन स्त्रियांच्या केशरचना टिपल्या, बहुतेक पाठमोऱ्या, काळ्या-पांढऱ्या. चेहरे दिसतच नाहीत. दिसतात ती बुरुजांसारखी उभारलेली, कमानींत वळवलेली डोकी. भाची त्यातल्या एकेकावर बोट ठेवून विचारते, "हे जमेल तुला?" बहुतेक नाही जमणार, पण वहिनीला जमेल.

या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला गेलो तेव्हा भाचीने आईला खाली पाटावर बसवलं आणि स्वतः मागे खुर्चीवर चढली. "आजी, हलू नकोस हं." फवारणीची बाटली, चिमटे, शेपटीचा कंगवा, सगळं तिने स्वतः बॅगेत भरून आणलं होतं. आईचे केस आता पातळ, पांढरे आणि रेशमासारखे निसरडे. पीळ घातला की सुटायचा. पोरीने जरा विचार केला आणि मी शिकवलं होतं तसे दोन्ही पदर आधी वेगवेगळे पिळून मग उलटे फिरवले. टोकांना माझी बारीक रबरं लावली. तरी मधेमधे "दुखत नाही ना?" हे विचारणं चालूच. आई त्याच केसांनी संध्याकाळी भिशीला गेली. तिथे सगळ्यांनी विचारलं, आणि तिने नातीचं नाव सांगून वर सगळी कृतीही सांगितली.

डिसेंबरात वहिनीही येणार आहे. भाचीला आजीच्या केसांत जांभळं कानेकालॉन घालून लांब ट्विस्ट करायचेत. वहिनीने पातळ केसांवर वजन नको म्हणून ते साफ नाकारलंय. मग तडजोड म्हणून दोन्ही कानांवरून मागे नेलेले फ्लॅट ट्विस्ट ठरलेत. आईची अट एकच, त्यात गजरा माळता आला पाहिजे. तो पिळाच्या वरून बसवायचा की आत ओवायचा, यावर तिघींची फोनाफोनी चालू आहे.